चाई रोगातील रक्तगत निदर्शके : एक परीक्षण

चाई या रोगात डोक्यावरील केस चकत्याचकत्यांनी गळतात. क्वचित सर्वांगाचेही जातात. केशमूलास एरवी लाभणारे प्रतिकारसंस्थेपासूनचे संरक्षण येथे ढळते आणि सीडी-८ जातीच्या टी-पेशी त्यावर हल्ला करतात. या प्रक्रियेतील इंटरफेरॉन-गॅमा, इंटरल्यूकिन-१५ व जेएके मार्ग यांचा वाटा कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविला.

त्यानंतर रुग्णांच्या रक्तात सीएक्ससीएल-९, सीएक्ससीएल-१० इत्यादी द्रव्ये वाढलेली आढळल्याचे निबंध पुष्कळ झाले. परंतु वाढ आढळणे निराळे व तिच्यावरून रोगाची गती कळणे निराळे. रक्तात सर्व देहातील घडामोडी मिसळलेल्या असतात. चाईच्या अनेक रुग्णांस दमा, इसब यांसारखे विकारही असतात. तुलनेसाठी केवळ निरोगी माणसे निवडली, तर वाढ नेमकी कशाची हे उकलत नाही. शिवाय एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून कारण व परिणाम यांचा क्रम ठरविता येत नाही.

निदर्शकाची खरी कसोटी भाकितात आहे. तीव्र चाईवरील बॅरिसिटिनिबच्या दोन चाचण्या २०२२ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत ४ मिलिग्रॅमच्या दैनिक मात्रेने ३६ आठवड्यांअखेर डोक्याचा किमान ८० टक्के भाग केसांनी आच्छादला गेला, असे रुग्ण सुमारे ३६ ते ३९ टक्केच होते. गुण कोणास येईल हे उपचारापूर्वी सांगणारे निदर्शक हाती आल्यास उरलेल्यांचा काळ, पैसा व औषधाचा धोका वाचेल. त्यासाठी उपचारापूर्वी व उपचारकाळात पुनःपुन्हा नमुने घेणारे अभ्यास हवेत. त्यांवाचून केवळ रक्तातील आकड्यावर उपचाराचा निर्णय सोपविणे अकाली ठरेल.