आयरिश सेनेटचा इतिहास : एक परीक्षण

डोनल ओ'सलिव्हन यांचा 'दि आयरिश फ्री स्टेट अँड इट्स सेनेट' हा ग्रंथ लंडन येथें १९४० सालीं प्रसिद्ध झाला. आयर्लंडच्या १९२२ ते १९३६ पर्यंतच्या वरिष्ठ सभेविषयीं लिहिणारास तो टाळून पुढें जातां येत नाहीं. म्हणूनच एक साधन या नात्यानें त्याची छाननी करणें आम्हांस अवश्य वाटतें.

ग्रंथकार त्याच सभेचे चिटणीस होते. सभेचें दप्तर त्यांच्या नित्य परिचयाचें. शिवाय बंटिंगनें जमविलेल्या जुन्या आयरिश संगीताचें संपादन त्यांनीं केलेलें असल्यामुळें पाठ ताडून पाहण्याची संवय त्यांस होती. ज्या देशाचा सरकारी दप्तरखाना ३० जून १९२२ रोजीं डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्यें भस्मसात् झाला, त्या देशांत अशा अधिकाऱ्यानें आपल्या सभेचा सालवार वृत्तांत लिहून ठेवावा, ही लहान गोष्ट नव्हे.

सभेचे सभासद ६०. पैकीं ३० कॉसग्रेव्ह यांनीं नेमले व ३० डॉल या कनिष्ठ सभेनें निवडले. ब्रिटनशीं संबंध राखूं इच्छिणाऱ्या अल्पसंख्याकांस नव्या राज्यांत स्थान द्यावें, हा नेमणुकीचा एक प्रमुख हेतु होता. कवि येट्स हे नेमलेल्यांपैकींच. यादवी युद्धांत केवळ सभासदत्वापायीं अनेकांचीं घरें जाळण्यांत आलीं. होरेस प्लंकेट यांचें घर जानेवारी १९२३ मध्यें गेलें. हा भाग वाचतांना ग्रंथकारांच्या निवेदनावर विश्वास बसतो.

परंतु सभा कां मोडली, या प्रश्नाशीं येतांच चिटणीस मागें पडून वकील पुढें येतो. डी व्हॅलेरा यांच्याविषयीं ग्रंथकारांचें मत अत्यंत प्रतिकूल आहे व तें ते लपवीत नाहींत. मार्च १९३४ मध्यें सेनेटनें राजकीय गणवेषांस बंदी करणारें विधेयक फेटाळलें आणि लगेच सेनेट रद्द करण्याचें विधेयक डॉलपुढें आलें. एवढाच क्रम पाहणारास हा सूड वाटेल. पण पूर्वापर क्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. जून १९२८ मध्येंच, विरोधी पक्षांत असतांना, डी व्हॅलेरा यांनीं डॉलमध्यें ही सभा खर्चिक व निरुपयोगी ठरवून ती सुधारण्यापेक्षां मोडावी असें सांगितलें होतें. गणवेषाचें विधेयक हें निमित्त झालें. संकल्प जुना होता.

सेनेटचीही उणीव होती. १९२५ सालीं १९ जागांसाठीं ७६ उमेदवार उभे राहिले. सारा देश एकच मतदारसंघ. मतदानास सुमारे चतुर्थांशच लोक आले. १९२८ सालीं लोकांकडून निवडणुकीची ही पद्धतिच सोडून देण्यांत आली. ज्या सभेस लोकांनीं आपली मानलें नाहीं, तिच्या बाजूनें १९३६ सालीं कोण उभें राहणार? उलट, सभा मोडणाऱ्या डी व्हॅलेरा यांनींच १९३७ च्या घटनेंत ६० सभासदांची नवी वरिष्ठ सभा निर्माण केली, याचाही विचार सूडाचा पक्ष मांडणारानें केला पाहिजे.

सभासद बखर शिवछत्रपतींच्या पदरच्या माणसाची म्हणून आपण आदरानें वाचतों, तरी तींतील मिति पत्रांवरून तपासूनच स्वीकारतों. येथेंही तोच न्याय लावावा. कामकाजाचा वृत्तांत साधन म्हणून घ्यावा. हेतूंविषयींचीं विधानें मात्र एका पक्षाची साक्ष समजून डॉलच्या छापील अहवालांशीं ताडावीं.

सेनेटची एक खूण आजही सुरक्षित आहे. सभासद व इतिहासलेखिका ॲलिस स्टॉपफर्ड ग्रीन यांनीं १९२४ सालीं सभेस अर्पण केलेली, मिया क्रॅनविल यांनीं घडविलेली धातूची पेटी रॉयल आयरिश अकादमीकडे आहे. पहिल्या सभासदांच्या नांवांचा चर्मपट तिच्यासाठींच केलेला. त्या नांवांमागील माणसें जाणून घेण्यास ओ'सलिव्हन यांच्या ग्रंथासारखें दुसरें साधन आम्हांस ठाऊक नाहीं. दोषांसह तो संग्रहीं ठेवण्याजोगा आहे.