‘कमला’ कोठे गेली?

विजय तेंडुलकरांचे ‘कमला’ हे 1981 सालचे नाटक. त्याच वर्षी अश्विनी सरीन या पत्रकाराने एक स्त्री पैसे मोजून विकत घेतली आणि माणसांची खरेदी-विक्री चालते, हे आपल्या दैनिकातून जगापुढे मांडले. नाटकाला त्या घटनेचा आधार आहे. नाटकातील पत्रकार जयसिंग जाधव लोहारडागाच्या बाजारातून कमलेला अडीचशे रुपयांत आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो आणि काम सरताच तिला आश्रमात पोहोचवितो.

समीक्षकांनी या नाटकात प्रामुख्याने दोन विषय पाहिले: सनसनाटी पत्रकारिता आणि पत्नीचे दास्य. मालकाने तुम्हाला कितीला घेतले, असे कमला सरितेला विचारते, तेव्हा हे दोन्ही विषय एका क्षणात एकत्र येतात. मराठी रंगभूमीवरील हा असामान्य प्रसंग आहे, यात शंका नाही.

परंतु आम्हास येथे तिसरा विषयही दिसतो. कायदा या नाटकात येतो तो जयसिंगला अडचणीत आणू शकणारी गोष्ट म्हणून. कमलेच्या बाजूने उभे राहणारे एकही कार्यालय येथे नाही. तिला आणणारा एकटा, दाखविणारा एकटा आणि सोडून देणाराही तोच. या घरात दोघींनी कामे वाटून घेऊन कसे नांदावे, याचा हिशेब कमलेने मनाशी मांडलेला असतो. तिला काय हवे, हे मात्र जयसिंग विचारीत नाही.

आणि येथेच आमचा आक्षेप आहे. कमला आश्रमात गेल्यावर नाटक जयसिंगची नोकरी आणि सरितेची जागृती यांकडे वळते. नाटककाराचा उपरोध याच विस्मरणावर आहे, असे कोणी म्हणेल. ते अंशतः खरे. परंतु आश्रमाच्या दाराआड नाटक एकदाही डोकावत नाही. सरितेला आरसा दाखवून झाला, की नाटकालाही कमलेची गरज उरत नाही.

सुटका झाली म्हणजे प्रश्न संपला, हा समज रंगभूमीबाहेरही महाग पडला आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईत पोलिसांनी धाडी घालून चारशेहून अधिक मुली व स्त्रिया वेश्यावस्तीतून सोडविल्या. त्यांत नेपाळच्या अनेक होत्या. त्यांना ठेवायचे कोठे आणि परत न्यायचे कोणी, हा पेच त्यानंतर उभा राहिला. पुढे 2002 साली ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निर्देश दिले: सुटका झालेल्या अल्पवयीन मुलीला बालकल्याण समितीपुढेच न्यावे, चौकशीवाचून कोणाच्याही हवाली करू नये, आणि आरोपीच्या वकिलाने तिची बाजू मांडू नये. जयसिंगला न सुचलेला पुढचा अंक न्यायालयाला लिहावा लागला.

ठाणे-कल्याणच्या वाचकाला हा अंक परका नाही. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या कल्याण जंक्शनला मिळतात. फलाटावर रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, लोहमार्ग पोलीस राज्याचे. स्थानकाबाहेर पडताच ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द सुरू होते. मुलगी अल्पवयीन असेल तर बालकल्याण समिती, वेठबिगारी असेल तर 1976 च्या कायद्याने जिल्हाधिकारी. गाडीतून उतरते एकच मुलगी. पण तिच्यासाठी इतकी दारे उघडावी लागतात. 2015 मध्ये देशभर झालेल्या ‘ऑपरेशन मुस्कान’मध्ये हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी पोलिसांनी इतर खात्यांना व संस्थांना बरोबर घेतले. खाती एकमेकांशी बोलली, तर मूल घरी पोहोचते. न बोलली, तर कागद फिरतात आणि मूल हरवलेलेच राहते.

लोहारडागा आज झारखंडात आहे. हा छोटा नागपूरचा मुलूख. फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांनी 1885 नंतर येथील आदिवासींना जमिनीच्या दाव्यांत कायद्याचे साहाय्य मिळवून दिले. आजही तेथील मुली घरकामासाठी महानगरांत आणल्या जातात, आणि त्यांत ख्रिस्ती कुटुंबांच्या मुलीही असतात. आपल्या घरी कामास आलेल्या मुलीचे वय किती, तिला कोणी आणले, तिचा पगार कोणाच्या हाती पडतो, हे विचारणे आपल्यावाचून कोणत्याही खात्याला जमणार नाही. ‘कमला’ पुन्हा वाचताना सरितेइतकेच आश्रमाच्या त्या बंद दाराकडेही लक्ष द्यावे, एवढेच आमचे सांगणे.