निकालपूर्व जप्ती आणि बजावणीचा प्रश्न

मालमत्तेची जप्ती ही एरवी हुकूमनाम्यानंतरची पायरी होय. निकालपूर्व जप्तीत हा क्रम उलटतो. वादीचा हक्क सिद्ध होण्याआधीच प्रतिवादीची जमीन अडकते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३८, नियम ५ नुसार, हुकूमनाम्याची बजावणी निष्फळ करण्याच्या वा लांबविण्याच्या हेतूने प्रतिवादी मालमत्तेची विल्हेवाट लावू पाहत आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. शिवाय त्याला तारण देण्यास अथवा कारण दाखविण्यास फर्मावावे लागते. तसे न करता केलेली जप्ती शून्यवत् होय, हे १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. तथापि हाच नियम सशर्त जप्तीस मुभा देतो. त्यामुळे नोटीस आणि जप्ती एकाच आदेशाने निघू शकतात.

वाशिमसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात या सवलतीचा अर्थ निराळा होतो. स्थावराच्या जप्तीची दवंडी पिटली जाते; आदेशाची प्रत मालमत्तेवर, न्यायालयात, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लागते. गावाला जप्ती कळते. ज्याची जमीन, तो मात्र त्या वेळी मजुरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेला असू शकतो. मग बेलीफ कुलूपबंद दारावर समन्स डकवितो, किंवा घरातील प्रौढ व्यक्तीच्या हाती देतो. विलक्षण हे की, ‘प्रतिवादी गाव सोडून गेला’ ही एकच गोष्ट वादीच्या प्रतिज्ञापत्रात कपटाचा पुरावा ठरते आणि बेलीफाच्या अहवालात डकविण्याचे समर्थन. पोटासाठी केलेले स्थलांतर दोन्ही ठिकाणी त्याच्याच विरुद्ध जाते.

संहितेतील खरी उणीव शेजारच्या आदेशाशी तुलना करता ध्यानात येते. एकतर्फी मनाई देताना आदेश ३९, नियम ३ वादीवर दाव्याची, अर्जाची व कागदपत्रांची प्रत तत्काळ पाठविण्याचे आणि त्याच वा दुसऱ्या दिवशी तसे प्रतिज्ञापत्र दाखल करण्याचे बंधन घालतो. सशर्त जप्तीच्या वादीवर आदेश ३८ असे बंधन घालीत नाही. वस्तुतः जप्ती कमी जाचक नव्हे. शेतकऱ्याच्या ताब्यातील शेतमाल नियम १२ ने वगळला आहे, शेत कसण्यासही अडथळा नाही. परंतु पेरणीच्या तोंडावर तीच जमीन गहाण ठेवून कर्ज काढता येत नाही.

रमण टेक विरुद्ध सोळंकी ट्रेडर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा अधिकार यांत्रिकपणे वापरण्याविरुद्ध बजावले. विनातारण कर्जाचे सतारण कर्ज करून देणे हा त्याचा हेतू नव्हे, असे सांगितले. विवेचनाचा भर आदेश काढण्यावर आहे. आदेश पोहोचला की नाही, हे ठरते ते आदेश ५, नियम १९ खालील चौकशीत. बेलीफाने प्रतिज्ञेवर अहवाल दिला असला, तरी त्याची तपासणी करण्याचा अधिकार तेथे न्यायाधीशास आहे. शेजाऱ्यांना काय विचारले, प्रतिवादी कधी परतणार होता, हे प्रश्न तेव्हाच विचारावयाचे असतात.