नहपानाच्या नाकावरचा डोंगर

चांदीचं, सुमारे सव्वादोन ग्रॅम वजनाचं, आजच्या रुपयापेक्षाही लहान असं हे नाणं. पहिल्या नजरेत त्यावर काहीच धड दिसत नाही. कमानींवर कमानी रचून काढलेला एक डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी नागमोडी रेघ आहे, पण डोंगराच्या कडेतून कुणाचं तरी लांब नाक बाहेर आलेलं. कडेनं फिरणारी ब्राह्मी अक्षरं मध्येच कुठल्या तरी ग्रीक अक्षराला अडखळतात. नवखा संग्राहक असं नाणं ‘खराब’ म्हणून बाजूला सारतो आणि शेजारचं स्वच्छ चेहऱ्याचं उचलतो. माझ्या मते नाशिक जिल्ह्याच्या मातीतून वर आलेल्या नाण्यांत वाचायला याच्याइतकं रसाळ दुसरं नाही.

१९०६ साली गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. नाशिकच्या लेण्यांमधला सातकर्णीच्या आईचा, बलश्रीचा लेख आपल्या मुलानं क्षहरातांचा वंश निपटून काढला असं अभिमानानं सांगतो. आईनं केलेली स्तुती म्हणून त्यातले चार आणे सोडून द्यावेत असं कुणालाही वाटलं असतं. जोगलटेंभीनं ती सोय ठेवली नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात बसून हे नाणं हातात घेण्यात एक जादा गंमत आहे. नहपानाचा जावई उषवदात यानं नाशिकच्या दहाव्या लेण्यात आपली दानं कोरून ठेवली आहेत. त्यात त्यानं कोणकोणत्या नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली त्याची यादी येते: इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहानुका. यातली पारादा म्हणजे आपली पार. सुरगाणा-पेठच्या डोंगरांतून निघून गुजरातेत समुद्राला मिळणारी. त्याच लेण्यात हिशेबही आहेत. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० काहापण दरमहा एक टक्क्यानं ठेवले, दुसरीकडे १,००० पाऊण टक्क्यानं. ७०,००० काहापण म्हणजे २,००० सुवर्ण, दर सुवर्णाला ३५. हे काहापण म्हणजे बहुधा हीच चिमुकली चांदीची नाणी. ज्या पैशांच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रं मिळत, त्यावर राजाचं तोंड होतं, आणि पुढे त्याच तोंडावर डोंगर बसला.

आधी खालचा थर वाचू. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारा नहपान. भोवती ग्रीक अक्षरं आहेत, पण भाषा ग्रीक नाही. राजाचं प्राकृत नाव-बिरूद ग्रीक लिपीत बसवलेलं आहे. ठसे कोरणाऱ्या पुढच्या कारागिरांना ती लिपी वाचता येत नसावी, कारण हळूहळू अक्षरांच्या नुसत्या उभ्या-आडव्या काड्या उरतात. मागच्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती तोच मजकूर ब्राह्मीत आणि खरोष्ठीत. एवढ्याशा चकतीवर तीन लिप्या.

चेहऱ्यांची मौज तर वेगळीच. स्कॉट यांना एका साठ्यात इतके निरनिराळे चेहरे दिसले, तरुण, म्हातारे, भरल्या गालांचे, बसक्या गालांचे, की ही एकाच माणसाची चित्रं नसावीत, घराण्यातल्या अनेकांनी हेच नाव घेतलं असावं, अशी शंका त्यांनी मांडली. मला ही शंका जरा जास्तच उदार वाटते. ठसे अनेक, कोरणारे अनेक, आणि त्यातल्या बहुतेकांनी राजाला कधी पाहिलेलंही नसणार. पण त्या शंकेमुळेच संग्राहकाला शिस्त लागते: नाक, हनुवटी, मानेची कापलेली रेघ, ग्रीक अक्षरांची अवस्था यांवरून ठसे वेगळे काढायचे. प्रकार ओळखणं म्हणजे एवढंच. रॅप्सन यांनी १९०८ साली ब्रिटिश म्युझियमची आंध्र आणि क्षत्रप नाण्यांची सूची काढली. ती उघडून बसलं की तासभर कसा जातो कळत नाही.

आता वरचा थर. सातकर्णीनं नाणी वितळवली नाहीत. चकती तयार होती, वजन ठरलेलं होतं, लोकांच्या हाताला सवय होती. ऐरणीवरच्या ठशावर जुनं नाणं ठेवायचं, वर दुसरा ठसा धरायचा, घण मारायचा. एका अंगाला डोंगर आणि ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’, दुसऱ्या अंगाला चार वर्तुळं जोडणारं उज्जयिनी चिन्ह. सातवाहनांची रोजची नाणी शिशाची, तांब्याची, मिश्रधातूची. चांदीवर राजाचं मुख कोरण्याची रीत त्यांच्याकडे नव्हती. पुढे पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांनी मुखवटा असलेली चांदीची नाणी पाडली, तीही क्षत्रपांच्या घाटाची. ज्याचं तोंड मिटवलं त्याचीच तऱ्हा उचलली. हे सगळं त्या एका घावात आधीच सुरू झालेलं आहे.

खऱ्याखोट्याची परीक्षाही याच घावात आहे. नाणं जुनं दिसतं का, हा प्रश्न नकली माल विकणाऱ्याच्या सोयीचा. विचारायचं असतं ते हे: यावर आधी काय घडलं आणि नंतर काय? खऱ्या नाण्यात दुसऱ्या ठशाच्या उंच भागाखाली धातू सरकलेला असतो. जिथं दाब कमी पोचला त्या सखल जागेत नहपानाचं नाक, एखादं ग्रीक अक्षर चेपून का होईना, शिल्लक राहतं. वरची रेघ खालच्या रेघेला कापून जाते. साच्यात ओतलेल्या नकलेत हे भांडण नसतं. दोन्ही थर सारखेच बोथट, साबणाच्या वडीवर काढल्यासारखे. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, आणि कडेला साच्याची शिवण किंवा ती घासल्याच्या कानशीच्या खुणा.

याहून पक्की खूण जुळ्यांची. एकाच ठशाची दोन खरी नाणी सापडतात, त्यात नवल नाही. पण खालचं नाणं ऐरणीवर कसंही पडलेलं असतं. डोंगराच्या खाली नाक कुठल्या कोनात आलं, कडेला चीर कुठं गेली, ठसा किती सरकला, हे दुसऱ्या नाण्यात पुन्हा जसंच्या तसं घडणं नाही. तसं जुळलेलं जोडपं समोर आलं की दोन्ही परत करावीत, विक्रेता कितीही भला असो. साधं, एकदाच पाडलेलं नाणं नवा ठसा कोरून बनवणाऱ्या हुशार माणसाला इतक्या सहज पकडता येत नाही. म्हणून मी शिकणाऱ्याला ‘खराब’ नाण्यापासून सुरुवात करायला सांगतो.

वाजवून पाहणं ही सराफांची जुनी रीत, तिच्यावर फार विसंबू नये. दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते; चीर गेलेलं अस्सल नाणंही बद्द वाजतं. वजनकाटा आणि दहा पट भिंग पुरे. आणि अंजनेरीला एक फेरी. १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था तिथं आहे, परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या जाणत्याचा हात तिला लागलेला, के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठा टांकसाळींवरचं पुस्तक तिथूनच आलं. खरी नाणी डोळ्यांत मुरल्याशिवाय खोटी टोचत नाहीत.

शेतात हंडा लागला तर मात्र संग्राहकानं हात आवरावा. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला की कलेक्टरला कळवावं लागतं. जोगलटेंभीचा साठा विखरून विकला गेला असता आणि तेरा हजारांत नऊ हजार हे प्रमाण कुणी मोजलंच नसतं, तर बलश्रीचा लेख आजही नुसती स्तुतीच राहिला असता.

सुरगाण्याच्या आठवडी बाजारात आज नहपान भेटणार नाही. भेटतात ते आयाबायांच्या गळ्यातल्या माळेचे रुपये: व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज. ११.६६ ग्रॅमचे, ९१.७ टक्के चांदीचे. ते वाचायचीही रीत तीच. १८६२ चा रुपया १८६२ मध्येच पाडला असं समजू नये. तेच साल ठेवून पुढे कित्येक वर्षं रुपये निघत राहिले, थेट १८७४ ला नवं साल आलं, आणि मधल्या काळाचा माग सालाजवळच्या ठिपक्यांवरून काढावा लागतो. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करणारे हात बाजारात आहेत. तिथंही क्रमच पाहायचा. बाकी सालाचे आकडे वापरानं गुळगुळीत झालेले आणि शेवटचा तेवढा धारदार, किंवा त्याच्या भोवतीची सपाटी खरवडलेली, तर तो आकडा झिजेच्या नंतरचा आहे.

माळेतून सुटलेल्या रुपयाला नाण्यांचे व्यापारी बट्टा लावतात. कडी डाखलेली असते, एक बाजू अंगाला घासून सपाट झालेली असते, चिंचेनं उजळून उजळून जुना रंग गेलेला असतो. बाजारभावानं तो बट्टा बरोबरच आहे. पण डाखाखालची चांदी कमी झिजलेली आहे का, म्हणजे रुपया आधी किती फिरला आणि मग गळ्यात आला, हे पाहता येतं. पाकिटातून आलेल्या चकचकीत रुपयाकडे हे सांगायला नसतं. दोन्ही सारख्या किमतीत मिळाले तर मी डाखाचा घेतो.