तीन हजारांचा आंकडा

गाब्रिएल गार्सिया मार्केस या कोलंबियन कादंबरीकारानें आपल्या पूर्वायुष्याची हकीगत २००२ सालीं प्रसिद्ध केली. आम्हांस स्पॅनिश येत नाहीं. ईडिथ ग्रॉसमन यांच्या इंग्रजी भाषांतरावरच आमची भिस्त आहे. सबब शैलीविषयीं मौन बाळगणें बरें.

ग्रंथाचा आरंभ मोठा वेधक आहे. कायद्याचें शिक्षण सोडून बारांकियांत दारिद्र्यांत दिवस काढणाऱ्या मुलास आई शोधीत येते आणि अराकाताकाचें घर विकावयाचें आहे, सोबत चल, म्हणून सांगते. वाटेंत सिएनागा लागतें. तेथील चौक आई आगगाडींतून बोटानें दाखविते. युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळींच्या मळ्यांवरील संपकरी मजुरांवर १९२८ च्या डिसेंबरांत सरकारी फौजेनें गोळ्या झाडल्या, तो हा चौक. लेखक त्या वेळीं दोन वर्षांचाहि नव्हता. अर्थात् त्याची ही ‘आठवण’ सर्वस्वीं घरांतल्या माणसांची.

त्याच घरांत दुसरीहि एक आठवण होती. आजोबा कर्नल निकोलास मार्केस यांच्या हातून १९०८ सालीं बारांकास गांवीं मेदार्दो पाचेको हा इसम मारला गेला होता. त्या एका मृताचें ओझें आजोबांनीं जन्मभर वाहिलें. पुढें नातवाच्या १९६७ च्या कादंबरींत प्रुदेन्सिओ आगिलारचें भूत होऊन तोच मृत घरांत वावरूं लागला. हीं पानें आम्हांस साऱ्या ग्रंथांत श्रेष्ठ वाटतात.

चौकांतील मृतांची गोष्ट निराळी. त्यांचा नक्की आंकडाच कोणाजवळ नाहीं. सेनापति कोर्तेस वार्गास ४७ मान्य करतो. अमेरिकन वकील जेफर्सन कॅफरी कंपनीच्या प्रतिनिधीच्या हवाल्यानें हजारांवर सांगतो. मार्केसनें स्वतः साक्षीदार गांठले, वृत्तपत्रें चाळलीं. कोणी म्हणे एकहि मेला नाहीं, कोणी म्हणे शंभरांहून अधिक. कादंबरींत मात्र त्यानें तीन हजार लिहिले. पुढें एका स्मृतिदिनीं कोलंबियाच्या सेनेटांत तीन हजार हुतात्म्यांसाठीं मौन पाळण्याची सूचना आली, हें तो कांहींशा समाधानानेंच सांगतो.

कादंबरीपुरती आमची तक्रार नाहीं. तेथें होसे आर्कादिओ सेगुंदो प्रेतांनीं भरलेली गाडी पाहतो आणि गांव म्हणतें, असें कांहीं घडलेंच नाहीं. एवढ्या नकारासमोर आंकडाहि तेवढाच अवाढव्य पाहिजे. परंतु आत्मचरित्रकार साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा असतो. आपण घातलेला आंकडा राष्ट्राच्या सभागृहांत इतिहास म्हणून उच्चारला गेला, यांत त्यास कांहींतरी खटकावयास हवें होतें. आमच्या बखरकारांच्या लाखांच्या फौजा वाचून डोलणाऱ्या वाचकांस राजवाड्यांनीं १८९८ सालीं खडबडून जागें केलें, तें उगीच नव्हे. फुगविलेला आंकडा एकदां खोटा ठरला कीं खरे मृतहि त्याबरोबर नाकारले जातात, आणि ‘कोणीच मेलें नाहीं’ म्हणणाऱ्यांचें आयतेंच साधतें.

ज्याच्या आजोबांना एक मेलेला माणूस जन्मभर पुरला, त्यानें या चौकांतल्या एकाचें तरी नांव शोधून काढावयाचें होतें. केळींच्या मळ्यांतील त्या मजुरांपैकीं एकहि या ग्रंथांत आम्हांस नांवानिशीं भेटला नाहीं.