तोमोएच्या फळ्यावर नसलेला धडा

आमच्या अ‍ॅपच्या हिशेबाने माझा भाचा 'विविधतेत एकता' या धड्यात पारंगत आहे. सलग पाच उत्तरं बरोबर, हिरवा बिल्ला, पुढचा धडा खुला. बिल्ला कधी द्यायचा हे ठरवणारा कोड मीच लिहिलाय. तर हा बिल्ला मिळाला त्याच आठवड्यात त्याने मला फोनवर विचारलं, "मामा, 'भैया' ही शिवी असते का?"

ताई चिंचवडला राहते. तिच्या इमारतीत बिहारहून एक कुटुंब नवीन आलंय. त्यांचा मुलगा वयाने मोठ्या मुलांना 'भैया' म्हणतो, घरी शिकवलंय तसं. मुलांना त्याची गंमत वाटली. मग तीच हाक ती त्याला परत मारू लागली, पण वेगळ्या सुरात. एके दिवशी भाच्यानेही मारली, आणि त्या मुलाने त्याला ढकलून दिलं. भाच्याचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता: तो स्वतः म्हणतो ते चालतं, मग आम्ही म्हटलं तर राग का?

मी म्हणालो, "तसं म्हणायचं नसतं." आणि विषय बदलला.

त्या रात्री 'तोत्तोचान' पुन्हा वाचायला घेतलं. त्याला एक कारण होतं. तेत्सुको कुरोयानागी यांच्या 1981 सालच्या या आठवणी मराठीत कितीतरी शिक्षकांच्या कपाटात असतात, आणि आमच्या ऑफिसातल्या प्रेझेंटेशनच्या पहिल्याच पानावरही आहेत. टोकियोतली तोमोए शाळा. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारे वर्ग. सकाळी बाई दिवसभराच्या सगळ्या विषयांचे प्रश्न फळ्यावर लिहून मोकळ्या होतात, आणि प्रत्येक मूल आवडेल तिथून सुरुवात करतं. कुणी निबंध लिहितंय, तर त्याच्या मागे कुणी चंबूत काहीतरी उकळवतंय. 'प्रत्येक मूल आपल्या गतीने' हे आमचं घोषवाक्य तिथूनच आलेलं. तोमोए आपण फोनमध्ये आणतोय असं आम्हाला खरोखर वाटायचं. (मला अजूनही थोडं वाटतं. गणितात ते बऱ्यापैकी जमलंयसुद्धा.)

पण या वेळी मी पुस्तक एकच गोष्ट शोधत वाचलं: यात समाजशास्त्र नेमकं कुठे शिकवलं जातं?

फळ्यावर तर नाहीच. दुपारी सगळा वर्ग कुहोनबुत्सूच्या देवळापर्यंत फिरायला जातो. वाटेत बाई एका पिवळ्या फुलापाशी थांबवून पुंकेसर-स्त्रीकेसर दाखवतात. देवळात मूर्ती असतात, दंतकथा असतात. मुलांना वाटतं आपण नुसते हिंडतोय. एकदा मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी एका शेतकऱ्याला बोलावतात आणि आजचे शिक्षक म्हणून त्यांची ओळख करून देतात. शेतकरी संकोचतो. कोबायाशी ऐकत नाहीत. मग मुलं त्याच्याकडून तण काढायला, सऱ्या पाडायला, बी पेरायला शिकतात. या प्रसंगात धडा शेतीचा आहेच, पण 'शिक्षक कुणाला म्हणायचं' हा धडा त्याहून मोठा आहे. आणि यातलं काहीही एकेकट्याने आपापल्या गतीने करता येत नाही. चालायचं तर बरोबरच्याच्या पावलाने चालावं लागतं.

डब्यातल्या वर्गाचंही तसंच. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असला तरी मागच्याच्या चंबूत काही फुटलं की निबंध लिहिणारा दचकणारच. आमच्या अ‍ॅपमध्ये शेजारचा चंबू कुणालाच ऐकू येत नाही. ऐकू येऊ नये म्हणून तर आम्ही मेहनत घेतली, कारण दुसऱ्यामुळे कुणी अडू नये हेच उद्दिष्ट होतं.

इथवर पुस्तक माझ्या बाजूने उभं राहील असं वाटत होतं. मग मासाओचं प्रकरण आलं.

मासाओ कोरियन मुलगा. तोत्तोचानच्या घरापासून स्टेशनच्या वाटेवर राहणारा. तो तोमोएचा विद्यार्थी नाही. एके दिवशी तो तोत्तोचानकडे पाहून जोरात ओरडतो: 'कोरियन!' ती घरी येऊन आईला सांगते. आईच्या डोळ्यांत पाणी येतं. तिच्या लक्षात येतं, की हा शब्द त्या मुलाला इतक्यांदा आणि अशा सुरात ऐकावा लागलाय, की त्याला ती शिवीच वाटते. म्हणून ती त्याने दुसऱ्याला दिली.

ही दोन-तीन पानं मला सगळ्या पुस्तकात मोलाची वाटतात, आणि पुस्तक कमी पडतं तेही इथेच. आई मुलीला समजावते, की तोही तुझ्यासारखाच मुलगा आहे, माणसामाणसांत भेद करू नकोस. उत्तर मायेचं आहे. पण आमच्या बिल्ल्याला लागणारं उत्तरही जवळपास हेच आहे! मासाओला तो शब्द शिवी म्हणून कुणी शिकवला, हे या उत्तरात येत नाही. जपानने 1910 मध्ये कोरिया ताब्यात घेतला होता. 1923 च्या कान्तो भूकंपानंतर कोरियन लोक विहिरींत विष टाकतायत अशा अफवा उठल्या आणि जमावांनी कित्येक कोरियनांना ठार मारलं. ते याच टोकियोत आणि आसपास. तोत्तोचानच्या आईवडिलांच्या पिढीला हे आठवत असणार.

कुणी म्हणेल, ही एका लहान मुलीची नजर आहे, तिथे इतिहास कशाला? मान्य. पण इतर ठिकाणी मोठी झालेली लेखिका मधूनमधून डोकावते आणि तेव्हा न कळलेलं आपल्याला सांगते. इथे ती आईच्या उत्तरापाशी थांबते. तरी एक तपशील तिने सोडलेला नाही, आणि त्यासाठी मी तिला शंभर गुन्हे माफ करीन: मासाओची आई. ती सदा त्याला शोधत असते, काळजीने त्याच्या नावाने हाका मारत असते. मूल जरा दृष्टीआड झालं की या बाईला इतकं घाबरायला का होतं, हा प्रश्न वाचकाच्या हातात राहतो. समाजशास्त्राचा तास खरं तर त्या हाकेपासून सुरू व्हायला हवा. तोमोएसारख्या शाळेतही तो झालेला दिसत नाही, कारण मासाओ डब्याच्या बाहेर होता.

मी ऑफिसात एक उपक्रम सुचवला: तुमच्या इमारतीत, वाडीत, वस्तीत कोण कुठून आलं आणि का, ते विचारून या. पहिला प्रश्न आला, "याला मार्क कसे देणार?" प्रश्न वाजवी होता. बरोबर उत्तर नसेल तर पुढचा धडा कधी उघडायचा हे माझ्या कोडला कळत नाही. शेवटी तो 'ऐच्छिक' म्हणून गेला, बिल्ल्याशिवाय. मग तो कोण उघडणार!

भाच्याला मात्र मी तो तोंडी दिला. सुरुवात घरापासून कर म्हटलं. आजोबा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडचे. चिंचवडला येण्याआधी काही वर्षं मुंबईत होते. रविवारी मी तिथेच होतो. भाच्याने वही उघडली आणि विचारलं, "मुंबईत तुम्हाला काय म्हणायचे?"

बाबा हसले. "घाटी."

"शिवी होती?"

"म्हणणाऱ्यावर होतं ते."

"मग तुम्ही काय करायचात?"

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मी त्यांच्याकडे बघत होतो, कारण हे मी त्यांना कधी विचारलेलं नव्हतं. मग म्हणाले, "आमच्या खोलीत एक जण होता. त्याला आम्ही सगळे मद्राशी म्हणायचो."

"मद्रासचा होता?"

"ते कधी विचारलं नाही रे," बाबा म्हणाले. भाच्याने तेही लिहून घेतलं.