तुटणाऱ्या आवाजाचा अर्थ

'राइट्स ऑफ स्प्रिंग' हा वॉशिंग्टन शहरातला बँड. त्याच नावाचा त्याचा पहिला आणि एकमेव पूर्ण अल्बम १९८५ साली आला. गीतांचे शब्द समोर ठेवून मी तो प्रथम ऐकला, तेव्हा माझी निराशा झाली. कागदावर ते शब्द अमूर्त आणि काहीसे पोरसवदा वाटतात. कागद बाजूला ठेवून तोच अल्बम ऐकला, तेव्हा मात्र ते खोटे म्हणवेनात. शब्द दुबळे असूनही अनुभव खरा कसा वाटतो, या प्रश्नाचा शोध मला येथे घ्यायचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये 'डिस्कॉर्ड' ही छोटी ध्वनिमुद्रण संस्था काढली. तिच्याभोवती 'हार्डकोर पंक' वाढले. दीड-दोन मिनिटांची गाणी, भरधाव ताल, मोजके स्वरमेळ आणि थेट आरोप हे त्याचे रूप. १९८३ मध्ये 'मायनर थ्रेट' हा त्यातला प्रमुख बँड थांबला. तोवर या मैफलींत धक्काबुक्की आणि मर्दानगीचे प्रदर्शन वाढले होते. बंडाचीच एक रूढी झाली होती. १९८५ च्या उन्हाळ्यात काही तरुणांनी नवे बँड उभे करून ती मोडायचे ठरवले. तो काळ 'रेव्होल्यूशन समर' म्हणून ओळखला जातो. गाय पिच्चोटो (गायन, गिटार), एडी जेनी (गिटार), माइक फेलोज (बेस) आणि ब्रेंडन कँटी (ड्रम्स) यांचा हा अल्बम त्याच उन्हाळ्यातला. तो आर्लिंग्टन येथील डॉन झिएंतारा यांच्या 'इनर इअर' स्टुडिओत मुद्रित झाला. निर्मिती मॅकाय यांची होती.

माझ्या मते या अल्बमने केलेला मूलभूत बदल सर्वनामाचा आहे. हार्डकोरचे गाणे बहुधा 'तू' किंवा 'ते' यांच्यावर बोट रोखते, नाहीतर 'आम्ही' म्हणून मूठ आवळते. इथे 'मी' आहे, आणि आरोपीही तोच आहे. 'फॉर वॉन्ट ऑफ' या गाण्यात निसटून गेलेल्या गोष्टीची टोचणी आहे. राग तितकाच आहे, त्याची दिशा मात्र उलटली आहे.

संगीतही या बदलाला साथ देते. दोन गिटार एकच भिंत रचत नाहीत. एक ठोकत असताना दुसरी स्वतंत्र सुरावट शोधते. बेस गाणारा आहे. कँटीचे ड्रम्स वेग राखतात, पण मध्येच श्वास घ्यायला जागाही देतात. 'ड्रिंक डीप' हार्डकोरच्या मानाने संथ आहे, तर शेवटचे 'एंड ऑन एंड' सात मिनिटांहून लांब आहे. झटपट निकाल देणाऱ्या परंपरेत हे लांबणे अर्थपूर्ण आहे. पश्चात्ताप दीड मिनिटात संपत नाही.

आपण मराठी माणसे शब्दप्रधान गायकीवर वाढलो. शब्द स्वच्छ पोचावा, भाव सुरात मुरावा, ही आपली कसोटी. पिच्चोटोचा आवाज त्या कसोटीवर सरळ नापास होतो. तो ओळ सुरात धरतो, मग ती हातातून सुटते आणि शेवट किंकाळीत होतो. पण तो नेमका कुठे तुटतो, हे ऐकले पाहिजे. गीत जिथे सांगायला अपुरे पडते, तिथेच आवाज फाटतो. म्हणजे शब्दांचे दुबळेपण लपवले जात नाही. ते ऐकू येते आणि तोच आशय होतो. नुसती छापील संहिता वाचणारी समीक्षा इथे अर्धीच राहते, हे मला मान्य करावे लागले.

तरीही एक आक्षेप उरतो. ही केवळ भावविवशता नव्हे काय? त्या काळी कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या या शहराचे जगणे अल्बममध्ये जवळजवळ नाही. 'हेन्स पॉइंट' हे नदीकाठच्या जागेचे नाव तेवढे एका गाण्याला मिळाले आहे. हा 'मी' स्वतःत फार गुंतलेला आहे, हे मी नाकारणार नाही. पण त्याच उन्हाळ्यात याच वर्तुळातली मुले दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर वर्णद्वेषाविरुद्ध ढोल बडवत उभी राहिली. स्वतःला जाब विचारणे आणि जगाला जाब विचारणे ही त्यांच्यापुरती तरी परस्परविरोधी कामे नव्हती.

१९८६ च्या सुरुवातीलाच बँड मोडला. पिच्चोटो आणि कँटी पुढे मॅकाय यांच्यासह 'फुगाझी'त आले आणि तिथे 'मी' व समाज यांची सांगड अधिक प्रौढपणे बसली. या पहिल्या अल्बमला 'इमो' या शैलीचा उगम म्हणतात. पिच्चोटोने ते बिरूद स्वीकारले नाही, आणि ते योग्यच झाले. हळवेपणाची शैली बनली की आवाज ठरलेल्या जागी तुटू लागतो. इथे तो ठरवून तुटत नाही. निदान मला तरी, इतक्यांदा ऐकूनही, तसे वाटलेले नाही.